हापूसची पेटी आणि फेसबुकचा लिलाव: ऑनलाइन जाहिरात चालते कशी

वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची तर जागा विकत घ्यावी लागते. अमुक तारीख, अमुक पान, इतके चौरस सेंटीमीटर. पैसे भरले की ती जागा तुमची, आणि दुसऱ्या दिवशी छापलेलं पान हातात धरून खात्री करता येते. फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा गूगलवर अशी ठरलेली जागा सहसा विक्रीला नसते. एखादा माणूस फोन उघडतो, बोटाने पडदा वर सरकवतो, आणि पुढची जाहिरात त्याला कोणाची दाखवायची याचा लिलाव त्याच क्षणी, डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकतो. तुम्ही भरलेले पैसे त्या लिलावात बोली लावण्यासाठी वापरले जातात. ऑनलाइन जाहिरातीत जे काही नवं घडतंय ते या एका गोष्टीभोवती फिरतं, म्हणून आधी लिलाव समजून घेऊ.

उदाहरण कोकणातल्या आंबा बागायतदाराचं घेतो. पूर्वी पेट्या वाशीला जायच्या आणि पट्टी, म्हणजे व्यापाऱ्याकडून विक्रीचा हिशोब, काय येईल याची वाट बघायची. आता रत्नागिरी-देवगडचे अनेक बागायतदार थेट पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला माल विकतात आणि त्यासाठी इन्स्टाग्राम-व्हॉट्सॲपवर पैसे खर्च करतात. हंगाम मार्च ते मे. जाहिरातीत चूक झाली तर सुधारायला पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं. साडी, मसाले, क्लासेस, होमस्टे यांचं गणितही असंच असतं, फक्त त्यांना वेळ थोडा जास्त मिळतो.

बोली मोठी असली तरी हरता येतं

वाशीच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्याची हत्ता पद्धत जुन्या बागायतदारांनी पाहिलेली आहे. फेसबुकचा लिलाव तितकाच झाकलेला असतो. शेजाऱ्याने किती बोली लावली ते तुम्हाला कधीच दिसत नाही. पण इथे सर्वांत जास्त पैसे देणारा जिंकेलच असं नाही, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणारी मेटा कंपनी प्रत्येक जाहिरातीसाठी तीन गोष्टी पाहते. तुमची बोली किती, या विशिष्ट माणसाने तुम्हाला हवी ती कृती करण्याची शक्यता किती, आणि जाहिरातीचा दर्जा कसा, म्हणजे लोक ती लपवतात का, तक्रार करतात का. पहिल्या दोन गोष्टींचा गुणाकार करून त्यात तिसरी मिळवली जाते, आणि ज्याची बेरीज मोठी त्याची जाहिरात दिसते.

गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये शोधाच्या पानावरच्या जाहिरातींची व्यवस्था सुरू केली. तिथला लिलावही कालांतराने याच वळणावर आला. सोपं करून सांगायचं तर, समजा ‘हापूस पुणे’ असं कोणीतरी शोधलं. पहिल्या विक्रेत्याची एका क्लिकसाठी बोली २० रुपये, दर्जाचे गुण ४, गुणाकार ८०. दुसऱ्याची बोली १२ रुपये, गुण ८, गुणाकार ९६. वर दुसरा दिसतो. आणि त्याला १२ रुपयेही पडत नाहीत. खालच्याला मागे टाकायला लागतील तेवढेच, म्हणजे ८० भागिले ८, साधारण १० रुपये. प्रत्यक्षातलं सूत्र आता बरंच गुंतागुंतीचं झालं आहे, पण दिशा तीच आहे. चांगली जाहिरात स्वस्त पडते आणि कंटाळवाणी जाहिरात महाग. बजेट कमी असलेल्या माणसासाठी ही खरोखर आशेची बाब आहे, कारण मोठ्या कंपनीला हरवण्याचा एवढाच रस्ता त्याच्या हातात असतो.

गिऱ्हाईक शोधण्याचं काम यंत्राकडे गेलं

सात-आठ वर्षांपूर्वी जाहिरात देणाऱ्याचं मुख्य कौशल्य ‘टार्गेटिंग’ समजलं जायचं. वय ३० ते ५५, राहणार पुणे, आवड सेंद्रिय अन्न, अशी चाळण लावत जायची. आजही ही बटणं दिसतात, पण त्यांचं वजन घटलं आहे.

यात मोठा वाटा ॲपलचा. एप्रिल २०२१ मध्ये आयफोनच्या कार्यप्रणालीची नवी आवृत्ती, आयओएस १४.५, आली आणि प्रत्येक ॲपला आयफोनवाल्याला थेट विचारणं भाग पडलं, की इतर ॲप आणि वेबसाइटवर तुमचा माग काढू का? असंख्य लोकांनी नकार दिला. त्याआधी फेसबुकला तुम्ही दुसऱ्या कुठल्या दुकानाच्या वेबसाइटवर काय पाहिलंत, काय घेतलंत हे सहज कळायचं. ती वाट अरुंद झाली. या बदलामुळे २०२२ या एका वर्षात सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज मेटाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वतःच जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी कंपनीचा शेअर २६ टक्क्यांनी कोसळला. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड फोन असला तरी बदलातून सुटका नव्हती, कारण मेटाने मोजमापाची पद्धतच बदलली. जानेवारी २०२२ मध्ये आरोग्य, धर्म, राजकीय कल अशा नाजूक विषयांवर आधारलेले टार्गेटिंगचे पर्यायही तिने काढून टाकले.

मग कंपन्यांनी दुसरा मार्ग धरला. गूगलने नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘परफॉर्मन्स मॅक्स’ सगळ्यांसाठी खुलं केलं, मेटाने ऑगस्ट २०२२ मध्ये ‘ॲडव्हांटेज प्लस’ खरेदी मोहिमा आणल्या. दोन्हीचा गाभा एकच: तुम्ही फोटो, व्हिडिओ, मजकूर आणि बजेट द्या, कुणाला दाखवायचं ते यंत्र ठरवेल. यंत्र आधी थोड्या लोकांना दाखवून बघतं, कोण थांबलं, कोणी दाबलं, कोणी विकत घेतलं हे पाहतं आणि तशाच माणसांच्या मागे जातं.

याचा परिणाम असा, की गिऱ्हाईक निवडण्याचं काम आता जाहिरातीतल्या चित्राला आणि शब्दांना करावं लागतं. ‘अस्सल देवगड हापूस, आजच मागवा’ हे वाक्य कोणालाही लागू पडतं, म्हणून ते कोणालाच निवडत नाही. त्याऐवजी एका व्हिडिओत आजीने पेटी उघडून पेंढ्यात आंबे पिकत कसे घालायचे ते दाखवावं. दुसऱ्यात ऑफिसच्या लोकांना भेट पाठवायच्या एक डझनाच्या खोक्याबद्दल बोलावं. तिसऱ्यात बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलाला आई पेटी पाठवते, तिथे ती किती दिवसांत पोचते, हे सांगावं. हे तीन वेगळे ग्राहक आहेत. पुढचं काम यंत्र चोख करतं: पहिला व्हिडिओ बघत थांबणारी माणसं वेगळी, तिसरा बघून डोळ्यांत पाणी येणारी वेगळी. एकाच फोटोचे रंग बदलून दहा जाहिराती केल्या तर मात्र यंत्राला शिकण्यासारखं काही मिळत नाही.

दिवसाला २०० रुपयांचे पाच तुकडे करू नका

छोट्या जाहिरातदारांचे सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात, असं माझं ठाम मत आहे. मेटाच्या यंत्राला स्थिरावण्यासाठी एका ‘ॲड सेट’मध्ये (एकच बजेट आणि एकच प्रेक्षक असलेला जाहिरातींचा गट) आठवडाभरात साधारण ५० वेळा अपेक्षित कृती घडलेली पाहावी लागते. तोवर ते चाचपडत असतं, खर्च वरखाली होत राहतो. आता हिशोब करा. एका ऑर्डरमागे जाहिरातीचा खर्च ५०० रुपये येतो असं धरलं, तर ५० ऑर्डरींसाठी आठवड्याला २५,००० रुपये लागतील. दिवसाला २०० रुपये लावणारा माणूस, तेही पुणे, ठाणे, नाशिक, पुरुष, स्त्रिया असे पाच ठिकाणी वाटून, तिथपर्यंत कधीच पोचत नाही. त्याची मोहीम संपेपर्यंत यंत्र शिकतच राहतं. मधेच घाबरून दर दोन दिवसांनी बजेट, फोटो, वयोगट यांत मोठे फेरफार केले तर शिकवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

म्हणून पैसे कमी असतील तर एकच ॲड सेट ठेवावा, त्यात दोन-तीन खरोखर वेगळ्या जाहिराती घालाव्यात आणि आठवडाभर हात लावू नये.

कोणती कृती मागायची, हाही तितकाच नाजूक प्रश्न आहे. बहुतेक बागायतदारांची वेबसाइट नसते. ते ‘व्हॉट्सॲपवर मेसेज करा’ अशी जाहिरात देतात आणि यंत्राला सांगतात की आम्हाला संवाद हवेत. यंत्र आज्ञाधारक आहे, ते संवाद आणून देतं. म्हणजे ‘रेट?’ एवढं विचारून गायब होणारी माणसं शोधून देतं, कारण अशी माणसं मेसेज फार लवकर करतात आणि म्हणून स्वस्तात मिळतात. दिवसाला ८० मेसेज येतात, घरातला एक माणूस उत्तरं देऊन दमतो आणि पेट्या जातात तीन. यात फसवणूक कोणाचीच नाही. जे मागितलं ते मिळालं.

उपाय साधा आहे. दर जाहिरातीतच लिहा. पोचवण्याची गावं लिहा. कमीत कमी किती डझन घ्यावे लागतील ते लिहा. मेसेज कमी येतील, एका मेसेजचा खर्च वाढलेला दिसेल, तरी घाबरू नका; एका पेटीचा खर्च किती पडतो ते पाहा. वेबसाइट असेल तर तिथे मेटाचा ‘पिक्सेल’, म्हणजे वेबसाइटवर काय घडलं ते मेटाला कळवणारा छोटा कोड, बसवून खरेदीची खबर यंत्राला द्यावी, म्हणजे ते घेणाऱ्यांच्या मागे जाईल, विचारणाऱ्यांच्या नाही.

अहवालातला आकडा आणि खिशातला आकडा

आता हिशोबाकडे येऊ. समजा १,००० वेळा जाहिरात दिसायला १०० रुपये लागतात. ५,००० रुपयांत ती ५०,००० वेळा दिसेल. शंभरात एकाने दाबलं तर ५०० क्लिक, म्हणजे क्लिकला १० रुपये. त्यातल्या शंभरात दोघांनी घेतलं तर १० ऑर्डर, म्हणजे ऑर्डरला ५०० रुपये. पेटीमागे वाहतूक, खोकं, खराब निघालेल्या फळांची भरपाई हे सगळं वजा जाता ५०० पेक्षा जास्त उरत असेल तरच गाडी पुढे जाते. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमचे वेगळे असतील, पण साखळी हीच.

या साखळीत जीएसटी विसरला जातो. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो. आधी पैसे भरणाऱ्याने १०,००० भरले तर प्रत्यक्ष जाहिरातीला सुमारे ८,४७५ रुपयेच उरतात. कपडे किंवा फर्निचर विकणारा नोंदणीकृत व्यापारी हा कर आपल्या करातून वळता करून घेतो. ताजी फळं मात्र जीएसटीतून मुक्त आहेत, त्यामुळे फक्त ताजे आंबे विकणाऱ्याला ही वळती मिळत नाही. त्याच्यासाठी हे १८ टक्के खराखुरा खर्च आहेत आणि ते पेटीच्या हिशोबात धरायलाच हवेत.

याहून खोल प्रश्न पुढे आहे. ॲड्स मॅनेजर, म्हणजे मेटावर जाहिराती लावायचं आणि त्यांचे अहवाल बघायचं पान, सांगतो की १०,००० रुपयांच्या खर्चावर ४०,००० ची विक्री झाली, म्हणजे चौपट. ३० टक्के नफा धरला तर १२,००० सुटले, २,००० फायदा. पण त्या ४०,००० पैकी २५,००० ची विक्री अशा जुन्या ग्राहकांकडून आली असेल, जे जाहिरात नसती तरी दरवर्षीप्रमाणे मागवणारच होते, तर? मग जाहिरातीने खरी आणली १५,००० ची विक्री, त्यावर नफा ४,५००, आणि तुम्ही ५,५०० गमावले. अहवाल चौपट म्हणत असताना.

असं होतं कारण मेटा श्रेय कसं मोजते ते तिच्या नियमावर ठरतं. नेहमीचा नियम असा, की जाहिरातीवर क्लिक केल्यापासून ७ दिवसांत किंवा नुसती दिसल्यापासून १ दिवसात खरेदी झाली, तर ती जाहिरातीमुळे झाली असं धरायचं. मेटाचा तुमच्यावर राग नाही की लोभ नाही, पण मोजणारा आणि विकणारा एकच असला की आपणही स्वतंत्रपणे मोजून बघावं हे बरं.

याचा सर्वांत सुंदर पुरावा ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या अमेरिकी कंपनीच्या प्रयोगात मिळतो. लोक गूगलवर ‘ईबे’ हाच शब्द टाकायचे, वर ईबेची पैसे देऊन लावलेली जाहिरात दिसायची, आणि तिच्यावर क्लिक करून लोक ईबेवर जायचे. अहवालात ही जाहिरात फार यशस्वी दिसायची. २०१२ मध्ये कंपनीतल्या अर्थशास्त्रज्ञांनी अशा जाहिराती काही शोधयंत्रांवर बंद करून पाहिल्या. गेलेल्या क्लिकपैकी जवळपास ९९.५ टक्के लोक खालच्या फुकटच्या दुव्यावरून ईबेवर आलेच. नंतर अमेरिकेच्या काही भागांत इतर शब्दांच्या जाहिरातीही थांबवल्या गेल्या. तेव्हा कळलं की नव्या किंवा क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर जाहिरातीचा परिणाम होतो, नेहमीच्या ग्राहकांवर जवळजवळ नाही. हा अभ्यास २०१५ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नामांकित नियतकालिकात छापून आला.

हा प्रयोग करायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाहीत. दोन आठवडे पुण्यात जाहिरात चालू ठेवा, नाशिकमध्ये पूर्ण बंद. समजा आधीच्या पंधरवड्यात पुण्यात ४० पेट्या गेल्या होत्या आणि नाशिकमध्ये २०. प्रयोगाच्या काळात पुण्यात ६० गेल्या, नाशिकमध्ये २६. नाशिकमध्ये जाहिरातीविना ३० टक्के वाढ झाली, कारण अक्षय्य तृतीया जवळ आली होती. म्हणजे पुणंही तसंच ५२ पर्यंत गेलं असतं. जाहिरातीची खरी कमाई २० पेट्या नाही, आठ आहे. आठ पेट्यांचा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून पुढच्या पंधरवड्यात शहरांची अदलाबदल करून पुन्हा बघा. नुसतं ‘जाहिरातीआधी’ आणि ‘जाहिरातीनंतर’ असं तोललं तर पाडव्याची आणि अक्षय्य तृतीयेची सगळी गर्दी जाहिरातीच्या खात्यात जमा होते. दरवर्षी हेच होतं आणि दरवर्षी बजेट वाढतं.

ज्यांच्याकडे जुन्या ग्राहकांचे नंबर आहेत आणि तशी परवानगी घेतलेली आहे, त्यांनी ती यादी ॲड्स मॅनेजरमध्ये टाकून ‘यांना दाखवू नका’ असं सांगावं. त्यांना एक व्हॉट्सॲप मेसेज पुरतो.

व्ह्यू, रील आणि प्रसिद्ध माणसं

२९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणली. आज छोटा उभा व्हिडिओ हीच जाहिरातीची मुख्य भाषा झाली आहे. तो करायलाच हवा. पण ‘व्ह्यू’ या आकड्यावर फार जीव लावू नये. २०१६ मध्ये फेसबुकनेच मान्य केलं होतं, की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो हे मोजताना ३ सेकंदांपेक्षा कमी पाहणारे हिशोबातच धरले नव्हते आणि त्यामुळे आकडा ६० ते ८० टक्क्यांपर्यंत फुगलेला असू शकतो. लाखभर व्ह्यू मिळालेल्या रीलमधून एकही पेटी न जाणं सहज शक्य आहे, विशेषतः ती रील विनोदी असेल आणि बघणारे निम्मे लोक तुम्ही माल पोचवत नाही अशा गावांत असतील.

इन्फ्लुएन्सरकडे जाताना कायदा माहीत असू द्या. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने नियम स्पष्ट केले. पैसे, फुकट वस्तू, सवलत, सहल असं काहीही मिळालं असेल तर ते प्रेक्षकाला ठळकपणे सांगायला हवं. म्हणजे खाऊन बघा म्हणून पाठवलेली आंब्याची एक पेटीही यात येते. व्हिडिओत हे दिसायलाही हवं आणि ऐकूही यायला हवं, आणि ज्या भाषेत कौतुक केलं त्याच भाषेत. मराठी रीलखाली दहा हॅशटॅगच्या गर्दीत एक इंग्रजी शब्द दडवून भागत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. आणि तो फक्त इन्फ्लुएन्सरला नाही, माल विकणाऱ्यालाही होतो.

एआयने चित्रं आणि मजकूर काही सेकंदांत तयार होतात. मजकुराचे चार पर्याय काढून बघायला ते उत्तम आहे. फळाचं चित्र मात्र तुमच्याच बागेतलं असावं, डागासकट. ग्राहकाला पेटीत जे मिळेल तेच त्याला जाहिरातीत दिसायला हवं. हापूसला २०१८ मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरता येण्याची नोंदणी, मिळालं आहे. नोंदणी झालेल्या बागायतदाराने ते प्रमाणपत्र कॅमेऱ्यासमोर धरावं. कोणत्याही संगणकाने काढलेल्या चमकदार आंब्यापेक्षा ते जास्त विश्वास मिळवून देतं.

नंबर जपून ठेवण्याची जबाबदारी

यंत्र कितीही बदललं, फेसबुकने उद्या दर वाढवले किंवा तुमचं खातं बंद केलं, तरी ग्राहकांची यादी तुमची राहते. तीही आता कायद्याच्या कक्षेत आली आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने २०२७ पर्यंत लागू व्हायच्या आहेत. नंबर कशासाठी घेतोय ते आधी सांगायचं, संमती घ्यायची, आणि संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं ठेवायचं. १८ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून लक्ष्यित जाहिराती करायला या कायद्यात मनाई आहे.

संमतीची सूचना ग्राहकाला इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचता यावी, असं कायदाच म्हणतो. मराठी त्या अनुसूचीत आहे. तेव्हा पहिल्याच ऑर्डरच्या मेसेजमध्ये एक ओळ घाला: ‘पुढच्या हंगामात दर आणि तारखा कळवण्यासाठी तुमचा नंबर ठेवू का? नको असल्यास नाही असं लिहा, लगेच काढून टाकू.’ जे ‘हो’ लिहितील त्यांचे नंबर, गाव आणि घेतलेल्या पेट्या एका वहीत किंवा एक्सेलमध्ये तारखेसह नोंदवा.